कुमुदचा हात

कालपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हा — खोटं कशाला बोलू — देवालाही नाही. काल घरात सांगून टाकली. आज तुम्हाला सांगते आहे, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. बोललेलं पुन्हा गिळून टाकायला मला वेळ लागत नाही.

तर — आम्ही एकदा समुद्रातल्या बेटावर गेलो होतो. धुळ्याच्या माणसांनी सुट्टीला बेटावर जायचं, तेही त्या काळी! आमच्याकडे पाणी म्हणजे पांझरा, आणि उन्हाळ्यात तीही वाळूत शोधावी लागे. पण ह्यांचा बोर्डिंगातला एक सोबती होता, मुरलीधर, रावेरकडचा. त्याला दीपगृहावर नोकरी लागली होती. बायको माणसांना तरसली आहे, सगळेच या, असा त्याचा निरोप आला आणि आम्ही निघालो. हे, मी, आमची चार वर्षांची कुमुद, माझे थोरले दीर — त्यांना आम्ही भाऊ म्हणतो — आणि अक्का. अक्का म्हणजे भाऊंची बायको, माझी मोठी जाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुमुद जेवायची त्यांच्या हातानं आणि झोपायची त्यांच्या कुशीत. मला त्याचं — जाऊ द्या. ते निमित्त सांगायला नको.

एस.टी., रेल्वे, लाँच, आणि शेवटी एक हलणारी होडी. बेट असं की टाचा उंच केल्या तर पलीकडचं पाणी दिसावं. दुकान नाही, रस्ता नाही. कोळ्यांची थोडी घरं, सुरूची झाडं, एक गोड्या पाण्याची विहीर आणि टेकाडावर तो पांढरा मनोरा. मुरलीधरची बायको आमच्या पिशवीतल्या बिबड्या, आपल्याकडचे ते ज्वारीचे पापड, पाहून रडलीच. कळण्याची भाकरी तिनं उभ्या उभ्या खाल्ली. मी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि मला कुणी काही बोललं नाही! लग्न झाल्यापासून इतका वारा माझ्या केसांना लागला नव्हता. मी किती हसत होते तिथं — तुम्हाला पटेल का? घरी मला हसताना कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं.

एका दुपारी पुरुष मनोऱ्यावर दिवा बघायला गेले. मुरलीधरची बायको स्वयंपाकात होती. अक्का वाळूत बसून शिंपले वेचत होत्या. मी पातळ वर खोचलं आणि कुमुदला घेऊन पाण्यात शिरले. अक्कांनी हाक मारली, "पुढं नका जाऊ." मी ऐकलं. ऐकून आणखी पुढं गेले. का? त्यांनी सांगितलं म्हणूनच असेल.

मग ती लाट आली. फार मोठी नव्हती, समुद्रकाठची माणसं तिला हसली असती. पण माझ्या पायाखालची वाळू सरकली, तोंडात खारं पाणी गेलं, आणि मी — इथं आले की इतकी वर्षं मी थांबत होते — मी कुमुदचा हात सोडला. लाटेनं तो ओढून नेला नाही. माझ्या मुठीत तिची बोटं होती, ती मला जाणवत होती. मला तोल सावरायला दोन्ही हात हवे होते, म्हणून मी मूठ उघडली.

अक्का धावत आल्या. लुगड्यासकट, चपलांसकट. त्यांनी तिला फ्रॉकला धरून वर काढलं आणि पालथी घातली. ती ओकली, मग रडली. ती रडली तेव्हा मी काठावर पोचले होते — आधी स्वतः पोचले होते, हेही सांगते.

ओरडा ऐकून पुरुष टेकाड उतरून आले. हे सगळ्यांत पुढं होते. "पोरीला कुणी सोडलं?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि मी म्हणाले, "अक्कांजवळ होती."

तीन शब्दसुद्धा नाहीत. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. कुमुद त्यांच्या खांद्यावर होती. भाऊंनी तिला त्यांच्याकडून काढून घेतलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर, अक्कांच्या थोबाडीत मारली. मी पाहत होते. तेव्हा बोलता आलं असतं ना? पुढच्या क्षणी बोलता आलं असतं. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, होडीत. मी पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि गप्प राहिले.

घरी आल्यावर कुमुदचं अंथरूण माझ्या खोलीत आलं. जत्रेत, नदीवर, विहिरीपाशी — अक्कांबरोबर पोरीला पाठवायचं नाही, असं ठरून गेलं. पुढं माझे दोन मुलगे झाले, त्यांनाही तोच नियम. गल्लीतल्या बायकासुद्धा हसून म्हणायच्या, अक्कांच्या हातात फक्त तवा द्यावा. अक्काही हसायच्या. बेटाचं नाव मात्र घरात कुणी काढत नसे, मी तर नाहीच.

काल कुमुदच्या मुलाचं बारसं होतं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ हातोहात फिरत फिरत अक्कांपर्यंत आलं. त्यांनी हात पुढं केले. आमच्या सासूबाई खाटेवर असतात, आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण एवढं दिसलं. त्या ओरडल्या, "तिना हातमा नको देऊ वं, सुटी जाई!"

सगळे हसले. कुमुदही हसली. अक्कांनी हात मागं घेतले आणि पदराला पुसले, जणू ओले होते.

मला धीर आला असं म्हणणार नाही. धीर वगैरे काही नव्हता. मला ते हात बघवेनात, एवढंच. मी म्हणाले, "तेव्हा कुमुद माझ्याजवळ होती. मी तिला सोडलं. अक्कांनी काढलं." आवाज फाटला असणार, कारण घुगऱ्या वाटणारी बाई थबकली. भाऊ उठून अंगणात गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत. ह्यांनी हातातल्या घुगऱ्या खाली ठेवल्या. कुमुदनं उठून बाळ अक्कांच्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेली.

पाहुणे गेल्यावर अक्का चुलीपाशी आल्या. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या. त्या भांडी पालथी घालत म्हणाल्या, "बठ्ठा म्हनत गयात ना वं. मंग माले भी वाटाले लागनं, मनाच हातमातून सुटनी व्हई पोर."

म्हणजे — कळलं तुम्हाला? सगळे म्हणत गेले, म्हणून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. मी समजत होते की त्या सगळं जाणून गप्प आहेत, माझ्यावर उपकार करताहेत, आणि त्याचाही मला राग यायचा. पण स्वतःच्या हातांवरचा त्यांचा भरवसाच मी काढून घेतला होता. हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

मग त्या खाली बसल्या आणि मोठा श्वास सोडून म्हणाल्या, "बरं झालं." पुन्हा एकदा, "बरं झालं बाई." त्यांचा चेहरा सैल झाला होता. तो माझ्यासाठी नव्हता, मला कळतं ते. तरी तो पाहून माझाही जीव हलका झाला, आणि तो झाला हे मी लपवत नाही.

रात्री मला गाढ झोप लागली. सकाळी उठले तर अक्का बाळाला तेल लावत होत्या, पायांवर आडवं घेऊन, दोन्ही हातांनी, जोर लावून. ते रडत होतं आणि त्या घाबरत नव्हत्या. कुमुद शेजारी बसून गरम पाणी ओतून देत होती. माझ्याशी ती अजून बोललेली नाही. बोलेल किंवा बोलणार नाही, ते तिचं तिनं ठरवावं. मी बंबात लाकडं सारली आणि पाणी कमी पडू दिलं नाही.