उंबऱ्याबाहेर वाचलेल्या गोष्टी

केदारखेड्याच्या थांब्यावर एसटी थांबली. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका उतरल्या, खताचं पोतं घेऊन एक माणूस उतरला, आणि दादारावकाका उतरलेच नाहीत. मी त्यांना घ्यायला उभी होते. जालन्याहून निघताना त्यांनी फोन केला होता, "बसलो बरं का गाडीत. मायला चहा ठेवायला सांग." कंडक्टर आत वळून ओरडला, "ओ बाबा, केदारखेडा आलं! तुम्हीच म्हणले ना हाक मारा म्हणून?" काका खिडकीला डोकं टेकून बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. डोळा लागला असंच मलाही वाटलं, मी हसत हसतच गाडीत चढले... हात हातात घेतला तेव्हा कळलं. मागच्या सीटवरची बाई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "आत्ता राजूरला तर बोलले हो माझ्यासंगं. खिडकी लावू का म्हणले." काही आठवडे झाले या गोष्टीला. आजही त्या थांब्यावर गाडी आली की शेवटचा माणूस उतरेपर्यंत माझा पाय उचलत नाही.

दादारावकाका जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, लग्नपत्रिका छापायचे. कुठं तारीख चुकलेली, कुठं मामाचं नाव राहिलेलं, कुठं लग्नच मोडलेलं, अशा वाया गेलेल्या पत्रिका ते फेकत नसत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते गोष्टी लिहीत. पाठ भरली की गोष्ट संपली. दोन ओळी जास्तीच्या हव्या असल्या तरी दुसरी पत्रिका घ्यायची नाही. गोष्टी साध्या माणसांच्या, आणि माणसं खरी. बसस्थानकावर गाड्यांची नावं पुकारणारे एक गृहस्थ निवृत्त झाले, तर त्यांच्यावरची अख्खी गोष्ट एवढीच: 'आता घरातून कुणी बाहेर निघालं की ते कुठं चाललात विचारत नाहीत. फलाट सांगतात.' मी वाचून खूप हसले आणि मग पुन्हा एकदा वाचली.

ते माझ्या बाबांचे मित्र. काका शेतकरी घरातले, आम्ही वस्तीतले. तरुणपणी ते आमच्याकडं जेवले की त्यांच्या घरी बोलणी खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला हजर व्हायचे. चळवळीची पत्रकं बाबा लिहायचे, काका छापायचे, भिंतीला दोघं मिळून चिकटवायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरूनच. त्यामुळं असेल, मी लिहायला लागले तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्यापुढं उद्गारचिन्ह असायचं. काका मला 'पत्रकवाली' म्हणत. "ए पत्रकवाली, जरा हळू लिही. वाचणारा बहिरा न्हाई."

आमचं खरं भांडण मात्र त्यांच्या एका रिवाजावरून होतं. गोष्ट लिहून झाली की ज्याच्यावर लिहिली त्या माणसाच्या गावी जायचे. घरात बसायचे नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि पत्रिका धरून मोठ्यानं वाचायचे. "छापू का?" माणूस हो म्हणाला तर पत्रिका परत पिशवीत. नको म्हणाला तर पत्रिका त्याच्याच हातात द्यायची. नक्कल ठेवायची नाही. मी एकदा विचारलं, आत बसून का वाचत नाही? म्हणाले, "आत बसलं की मी पाव्हणा झालो. पाव्हण्याला कोणी न्हाई म्हणत न्हाई."

टेंभुर्णीच्या एका भाजीवाल्या बाईंना त्यांनी असंच वाचून दाखवलं, तेव्हा मी सोबत गेले होते. त्यांच्या सगळ्या गोष्टींत ही गोष्ट उजवी होती. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बिलकुल खरंय भाऊ. पर नका छापू. सून वाचती माझी." काकांनी पत्रिका दिली, चपला घातल्या. परतीच्या गाडीत मी पेटले. "ही माणसं जन्मभर गप्प बसवलेली आहेत, आणि तुम्ही त्यांना आणखी गप्प राहायची मुभा देता! सत्याला कुणाची परवानगी लागत नाही!"

"सत्य तिचं हाय ना?" काका म्हणाले. "मंग तिला इचारलं. तुला इचारायला पाहिजे होतं का?"

अख्खी गाडी हसली. मी टेंभुर्णीपासून जालन्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

या गोष्टींचं पुस्तक निघणार होतं. नाव ठरलं होतं, 'पाठकोऱ्या गोष्टी'. सगळी पानं तयार होती. फक्त एक गोष्ट वाचून दाखवायची राहिली होती, आणि त्यासाठी ते केदारखेड्याला निघाले होते. "कुणाची आहे?" मी फोनवर विचारलं. "आधी त्या माणसाला, मंग पत्रकवालीला," म्हणाले.

त्यांच्या मुलानं ती पिशवी परवा माझ्या हातात दिली. "आत एकच पत्रिका हाय ताई. तुमच्या गावची हाय, तुम्हीच वाचून दाखवा. त्या हो म्हणल्या की छापायला देतो." पुढल्या बाजूला कुणाचं तरी चुकलेलं लग्न, गणपती, सोनेरी किनार. मागं काकांचं बारीक अक्षर, आणि कोपऱ्यात नाव: सुभद्राबाई, केदारखेडा.

सुभद्राबाई म्हणजे माझी माय.

मी उभ्या उभ्याच वाचली. इतकी वर्षं ज्या पत्रकांवर मी वाढले, ती ज्या खळीनं भिंतीला चिकटत होती ती खळ कशाची होती, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आमच्याकडं रोज ज्वारीची भाकरी. गहू यायचा तो जयंतीच्या पोळ्यांसाठी. एका वर्षी पोस्टरांना खळ कमी पडली, आणि मायनं पोळ्यांचं पीठ चुलीवर शिजवून पातेलं काकांच्या हातात दिलं. गोष्ट इथून सुरू होते.

घरी गेले. माय शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून वाचायला लागले तर म्हणाली, "दादाराव बाहीर उभं राहून वाचायचे म्हणं. तू बी जा बाहीर."

मी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर उभी राहिले. पहिल्या ओळीपासून वाचली. मायनं शेंगा फोडणं थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "त्यांनी पाह्यलं व्हतं व्हय... मला वाटलं, कोणीच न्हाई."

"माय, छापायची ना?"

"न्हाई."

"अगं, सगळ्या पुस्तकात अशी गोष्ट नाही! लोकांना कळू दे, चळवळ कशावर उभी राहिली ते!"

"पिठाचं तू लिही पाहिजे तर. त्याच्या म्होरलं नको. ते तुझा बाबा व्हता तवर त्याला बी कधी सांगितलं न्हाई मी. गावाला कशाला सांगू?" आणि तिनं हात पुढं केला.

मी पत्रिका धरून तशीच उभी राहिले. मला अजूनही वाटतं, ती छापायला हवी होती. आज विचाराल तरी मी हेच म्हणेन. पण मी उंबऱ्याबाहेर उभी होते, आणि तिथं उभं राहणाऱ्याला नाही ऐकावं लागतं. मी पत्रिका तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नाही. तिनं ती उलटीसुलटी पाहिली, सोनेरी किनारीवरून बोट फिरवलं आणि उठून पिठाच्या डब्याखाली ठेवली.

पुस्तक एका गोष्टीनं कमी निघेल. हा लेख पाठवण्याआधी मी तो मायला वाचून दाखवला, बाहेर उभी राहून. मधली दोन वाक्यं तिनं काढायला लावली, ती काढली. मग म्हणाली, "आता आत ये. चहा ठेवलाय." तिनं ओट्यावर तीन कप मांडले होते. तिच्या ध्यानात आलं, माझ्याही आलं. तिसरा, काकांचा कप तिनं उचलून ठेवला नाही.