काळ्या बाप्याचं न झालेलं पोस्टमॉर्टेम

"मॅडम, डार्ट मारा आनि पाडा त्याला. पब्लिक सकालपासून उभी हाय." नगरसेवक नाना मला सांगत होते आणि मी मान वर करून बदामाच्या झाडाकडे बघत होते. वर एक वानर बसलं होतं. नर, एकांडा, म्हातारपणाकडे झुकलेला. सकाळी लोकांनी मारलेला दगड लागून मोडलेला डावा हात नुसता लोंबत होता.

मी सरकारी पशुवैद्यक. गाई-म्हशी, कुत्री हे रोजचं काम. वनखात्याचा फोन आला की जंगली जनावरंही.

नगरपालिकेच्या या बागेमागे खाडीचं कांदळवन आहे. त्यात दोन पायांवर चालणारा, केसाळ, धिप्पाड 'काळा बाप्या' राहतो, अशी भीती इथे पोरांना पूर्वीपासून घालतात. बागेत जमिनीवरून वर प्रकाश टाकणारे फोकस बसले आणि बाप्या दिसायलाच लागला. वानर फोकससमोर उभं राहिलं की मागच्या पाण्याच्या टाकीवर त्याची दोन मजली सावली पडे. व्हिडिओ फिरले. नागावच्या होमस्टेमधले पाहुणे रिक्षा करून बघायला येऊ लागले. मी स्वतः फोकससमोर उभी राहून नानांना टाकीवर माझी सावली दाखवली होती. "हां, हां," म्हणाले आणि 'बाप्यापासून सावध' असा बोर्ड लावला. वर स्वतःचा फोटो.

डार्ट म्हणजे बंदुकीने मारायचं इंजेक्शन. ते लागलं की जनावर सिनेमातल्यासारखं लगेच झोपत नाही. गुंगी चढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ शांतता हवी. दचकलं तर ते अर्धवट शुद्धीत उडी मारतं आणि मरतं. म्हणून खाली जाळी धरायची आणि गर्दी हटवायची.

"नाना, बाग रिकामी करा."

"अवो मॅडम, माझीच मानसं हायेत. आवाज करनार न्हाईत. माझी गॅरंटी."

वनखात्याचा माणूस एकच, वनरक्षक घरत. पोलीस फोनवर नुसते "येतो" म्हणत होते. वानर तसंच ठेवलं असतं तर लोकांनी दगडांनी मारलं असतं. मी डार्ट मारला. मांडीत नेमका बसला. घरत, मी आणि बागेतले माळी जाळी धरून उभे राहिलो. वानराची मान डुलायला लागली. आणखी थोडा वेळ, बस्स.

मागे कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

वानर दचकून उडालं, मोडक्या हाताने पुढची फांदी धरायला गेलं आणि जाळीच्या पलीकडे पेव्हर ब्लॉकवर आपटलं. मी पोचले तेव्हा नाकातून रक्त येत होतं. मग श्वास थांबला. उभं केलं असतं तर जेमतेम माझ्या कमरेला लागलं असतं.

तेवढ्यात गर्दीतली एक बाई पुढे आली आणि तिने हात जोडले. "अगो बाय, ह्यो तं मारुतीराया!"

झालं. गुलाल आला, हार आला, नारळ आला. सकाळी दगड मारणारेच आता वानरावर भगवी शाल पांघरू लागले.

"बॉडी मला लागेल. पोस्टमॉर्टेम करायचंय," मी म्हणाले. ते झालं की मोडलेला हात, दगडांच्या जखमा, सगळं कागदावर येतं आणि गुन्हा दाखल करता येतो.

"देवाला कापायला देनार न्हाय आमी," नाना म्हणाले.

"दगड मारताना देव नव्हता का हा?" मी ओरडले. चांगलीच ओरडले.

"मॅडम, भावनेचा प्रश्न हाय."

पोलीस आले ते अंत्ययात्रेच्या बंदोबस्ताला. घरतला बाजूला ढकलून लोकांनी वानर नेलं आणि बागेतच पुरलं. मी वनखात्याच्या साहेबांना फोन केला, बॉडी उकरायची परवानगी मागितली. "जाऊ द्या हो, वातावरण तापेल," साहेब म्हणाले. पोस्टमॉर्टेम नाही, म्हणून मृत्यूचं कारण नाही. कारण नाही, म्हणून गुन्हा नाही. पुराव्यालाच माती दिली, तीही वाजतगाजत.

दहाव्याला पोरांनी मुंडन केलं. तेराव्याला बागेत पंगत बसली. मी मुद्दाम गेले. नाना स्वतः बुंदी वाढत होते.

"घ्या मॅडम, प्रसाद."

"बॉम्ब ज्याने लावला त्याला वाढू दे. त्याच्या हातून घेते."

तुळतुळीत डोकी पानांवर वाकली. कुणीच उठलं नाही. मी उपाशी परत आले.

आता गॅरंटी कुणीही देवो, शेवटचा माणूस फाटकाबाहेर गेल्याशिवाय मी डार्ट भरत नाही. मॅडम हेकट आहेत म्हणतात. आहेच मी.