पुढे सरकलेली प्रायमरी, न सरकलेली मुदत

डिसेंबरचा दुसरा मंगळवार, सकाळी साडेनऊ. ठिकाण: बसवनगुडीतलं आमचं ऑफिस, दुसऱ्या मजल्यावरची लहान मीटिंग रूम. हजर: मी, म्हणजे टीम लीड; सुलभाअक्का, कायद्याचे मजकूर तपासणाऱ्या; निखिल, सॉफ्टवेअर सांभाळणारा; आणि फोनवर विनय सर, आमचे मॅनेजर, देवनहळ्ळीच्या रस्त्यावर कॅबमध्ये. विषय एकच. आम्ही लोकांना सांगितलेली तारीख चुकीची होती.

आधी आमचं काम सांगते. अमेरिकेत मुख्य निवडणुकीच्या आधी प्रायमरी होते. एका पक्षाकडून चार जण उभे राहू इच्छित असतील, तर त्यांतला कोण उभा राहणार हे प्रायमरीत मतदार ठरवतात. प्रायमरीची तारीख प्रत्येक राज्याची वेगळी. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीखही वेगळी. तिला फायलिंग डेडलाइन म्हणतात. ती पाच मिनिटांनी जरी चुकली, तरी नाव मतपत्रिकेवर येत नाही. विनंती, रडारड, काही चालत नाही. तिथली एक संस्था या सगळ्या तारखांचं कॅलेंडर वेबसाइटवर ठेवते. ते कॅलेंडर भरतो आम्ही, बेंगळुरूत बसून.

एका राज्याच्या विधानसभेनं प्रायमरी मार्चमधून मे महिन्यात नेली. राज्याचं नाव करारामुळे लिहीत नाही. निखिलनं नवी तारीख सिस्टीममध्ये टाकली. आमच्या सिस्टीममध्ये फायलिंग डेडलाइन प्रायमरीला बांधलेली असते. प्रायमरीच्या आधी अमुक इतके दिवस, असा फॉर्म्युला. त्यामुळे प्रायमरी सरकली की डेडलाइनही आपोआप सरकते. ती डिसेंबरातून फेब्रुवारीत गेली. माझ्या चेकलिस्टमध्ये तेवीस मुद्दे आहेत. तेवीसही टिक करून मी सही केली. बदल वेबसाइटवर गेला.

अक्का तेव्हा रजेवर होत्या, भाचीच्या लग्नाला चिकोडीला. मंगळवारी सकाळी आल्या, डबा ठेवला आणि रजेत वाचायचे राहिलेले कागद घेऊन बसल्या. अक्कांची एक पद्धत आहे. नोकरीची पहिली वीस वर्षं त्यांनी चिकोडीत एका वकिलांकडे जमिनीच्या दाव्यांचे कागद लिहिण्यात काढली. कुठलाही हुकूम आला की त्या आधी शेवटचं पान वाचतात. हुकूम कुणाला लागू, कधीपासून लागू, कुणाला नाही, हे तिथं लिहिलेलं असतं. पहिल्या पानावर नुसता थाट असतो, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतलं विधेयकही त्या तसंच वाचतात, शेवटाकडून सुरुवातीकडे. नवे लोक हसतात. मीही हसले होते.

"निखिल, ही डेडलाइन फेब्रुवारीत कुणी नेली रे?"

"कुणी नाही, अक्का. सिस्टीम आपोआप नेते. प्रायमरी सरकली ना."

"सिस्टीमनं शेवटचं पान वाचलंय काय?"

"अक्का, फॉर्म्युला सहा वर्षं चालतोय. कधी प्रॉब्लेम नाही."

"स्वल्प थांब. हे बघ की." त्यांनी पेन्सिलीनं खूण केलेलं पान त्याच्यापुढे सरकवलं. एकोणिसाव्या पानावर, सगळ्यात खाली, तीन ओळींचं कलम होतं. प्रायमरी मे महिन्यात होईल, पण यंदापुरते अर्ज जुन्याच मुदतीत घेतले जातील.

निखिलनं ते दोनदा वाचलं. मग मी वाचलं. जुनी मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचची होती. तिथल्या मंगळवारची. आमच्याकडे मंगळवारची सकाळ होती, त्यांच्याकडे सोमवारचे रात्रीचे अकरा. दिवस उजाडल्यावर तिथं एक कामाचा दिवस मिळणार होता. आणि आमचं कॅलेंडर म्हणत होतं, अजून दोन महिने आहेत.

मी हेल्पडेस्कची पत्रं उघडली. त्या राज्यातून सहा जणांनी मुदतीबद्दल विचारलं होतं. सहाही जणांना आम्ही फेब्रुवारी कळवला होता. त्यांतली एक लिंडा. स्कूलबस चालवते. आपल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळासाठी पहिल्यांदाच उभी राहणार होती. तिनं लिहिलं होतं, 'फॉर्म भरून तयार आहे, पण बसच्या दोन फेऱ्यांमुळे मला फक्त दहा ते दोन मोकळीक असते. घाई नसेल तर सुट्टी घेऊन शांतपणे जाईन.' आमचं उत्तर: 'घाई नाही.' खाली टीमचं नाव. मंजुरी माझी.

विनय सरांना सगळं सांगितलं.

"वेबसाइट दुरुस्त करा," ते म्हणाले.

"क्लायंटच्या परवानगीशिवाय तारीख बदलता येत नाही. डायनाला उठवावं लागेल." डायना म्हणजे त्या संस्थेकडून आमचं काम बघणारी.

"इमर्जन्सी नंबर साइट बंद पडली तरच वापरायचा असतो, सुनंदा."

"साइट बंद असती तर लोकांनी काउंटी ऑफिसला फोन करून विचारलं असतं, सर. आता ते आपल्यावर विश्वास ठेवून निवांत झोपलेत."

कॅबचा हॉर्न ऐकू आला. मग सर म्हणाले, "सरी, ठीक आहे, करा फोन. माझं नाव सांगा."

डायना चौथ्या रिंगला उठली. मी फक्त पान नंबर आणि कलम सांगितलं. तिनं वाचलं, एक शिवी घातली आणि परवानगी दिली. सव्वादहाला तारीख दुरुस्त झाली. साडेदहाला सहाही जणांना मेल गेली. या प्रकरणासाठी मी नवी यादी केली होती, तिच्यातले दोन मुद्दे टिक केले. सहापैकी तिघांनी तिथल्या रात्रीच मेल उघडली. लिंडानं नाही. बस चालवणारी बाई पहाटे उठते, म्हणजे झोपली असणार.

"सकाळी तिला फोन कर," मी डायनाला सांगितलं.

"ते शक्य नाही," डायना म्हणाली. "आम्ही कुठल्याही पक्षाचे नाही. एका उमेदवाराला फोन केला आणि दुसऱ्याला नाही, तर उद्या तक्रार येईल की आम्ही तिला मदत केली."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात तटस्थपणा गेला की सगळं गेलं. अक्का शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी फोन माझ्याकडून घेतला. त्यांचं इंग्लिश चिकोडीचं आहे, पण अडत नाही.

"मॅडम, सहा जणांना आपण चुकीचं उत्तर दिलं. सहाही जणांना फोन करा. पक्ष विचारू नका. वाक्य एकच, सगळ्यांना सारखं. ही मदत नव्हे, ही दुरुस्ती."

डायना म्हणाली, "ते वाक्य मला लिहून पाठवा."

अक्कांनी दोन ओळी लिहिल्या: अर्जाची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंतच आहे, आधी कळवलेली तारीख धरू नका. मी एक तक्ता केला: नाव, नंबर, फोनची वेळ, उचलला की नाही. लिंडाच्या पुढे अक्कांनी वेळ घातली: तिथले सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. "त्याच्या आधी करायचा नाही. ती गाडी चालवत असणार, मुलं आत असणार. उचलणार नाही, आणि उचलू पण नये."

आमच्या संध्याकाळी सातला तिथं डायनाचं ऑफिस उघडलं. डायना एकेक नाव सांगत गेली, मी तक्ता भरत गेले. पाच जण झाले. लिंडा राहिली. साडेआठ वाजले. अक्कांची जे. पी. नगरची नेहमीची बस गेली होती. निखिलनं खालून इडल्या आणल्या, त्या कुणी उघडल्या नाहीत. डायनानं फोन लावला. उचलला नाही. दहा मिनिटांनी परत. नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर डायना आम्हाला म्हणाली, "उचलला." आणि अक्कांचं वाक्य जसंच्या तसं वाचलेलं आम्हाला ऐकू आलं.

बुधवारी सकाळी काउंटीच्या वेबसाइटवर अर्जदारांची यादी आली. लिंडाचं नाव होतं, वेळेसकट: दुपारी एक चाळीस. निखिल खुर्चीवरून उठला आणि अक्कांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाला, "अक्का, मला शेवटून वाचायला शिकवा."

"शिकवायचं काय त्यात? पान उलटं धर की."

त्या दिवसापासून चेकलिस्टमध्ये चोवीस मुद्दे आहेत. नवा मुद्दा मी सगळ्यात वर घातला: शेवटचं पान आधी. फॉर्म्युल्यानं तारीख काढता येते, ती लागू आहे की नाही हे मात्र माणसानं वाचावं लागतं. अक्का मार्चमध्ये निवृत्त होतात. बाकी राज्यांचे फॉर्म्युले त्या निखिलला शेजारी बसवून तपासतात. घाई करत नाहीत आणि एकही ओळ सोडत नाहीत. इतकी वर्षं मी स्वतःला नीटनेटकी समजत होते. त्यांच्या शेजारी बसल्यावर कळलं की मी फक्त टिक करण्यात नीटनेटकी होते.

त्या प्रकरणाची माझी यादी अकरा मुद्द्यांची. दहा टिक झाले. अकरावा शुक्रवारी वाढला. लिंडाची मेल आली: 'कायदा इतक्या अचानक बदलला, तरी तुम्ही लगेच कळवलंत. मनापासून आभार.' आमच्या मेलमध्ये 'अद्ययावत माहिती' असं लिहिलं होतं. 'चूक' हा शब्द मेलमध्ये वापरायचा नाही, हा क्लायंटच्या वकिलांचा आधीपासूनचा नियम होता.

अक्कांनी मेल वाचली. "कायदा कुठं बदलला? चुकलो आपण, आणि आभार ती मानतेय. सांगून टाक की तिला."

चार ओळींचं पत्र मी त्याच दिवशी लिहिलं. मंजुरीसाठी पाठवलं. दोनदा आठवण केली. वकिलांचं उत्तर आलेलं नाही. मुद्दा अकरा: लिंडाला कळवणे की चूक आमची होती. बाकी.