शेतीच्या रकान्यात काही नाही

अश्वजितकाका वणीच्या एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायचे. घरी मात्र फक्त जलरंग. ओल्या कागदावर खाणीतल्या कोळशाची धूळ बसली तरी झटकायचे नाहीत. "वणीचं आभाळ हाय, असंच येईन."

२००६ च्या दिवाळीनंतर त्यांनी ब्रश उचलला नाही. कागद ओला करायचे, तो वाळेपर्यंत बघत बसायचे, पुन्हा ओला करायचे. झोप नाही, जेवण नाही. एका सकाळी म्हणाले, "मले आता जगाचाच कंटाळा आला." सत्यशीलाकाकूंनी त्याच दिवशी ठरवलं, यांना गोळ्या सुरू करायच्याच.

त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या म्हणून कापूसवाल्या गावांत टेन्शनची, म्हणजे मनाच्या आजाराची, सरकारी शिबिरं लागत होती. एका शिबिराला काका, काकू आणि मी, आम्ही तिघं एसटीनं गेलो. वाटेत काकू पढवत होत्या, "इचारलं तं दोन एकर सांगा. कापूस सांगा."

टेबलामागची सिस्टर नाकातून बोलायची. "नांऽव? वंऽय? शेंतीं किंतीं?"

"नाही," काका म्हणाले.

"मंग टेंन्शन कायचं हो तुंमाले? शिंबिर कास्तकारायचं हाय."

रांगेत हशा पिकला. मागं बसलेले आमच्या ओळखीचे शेतकरी फुलसिंगबुवा ओरडले, "टेन्शन पाह्यजे तं माह्या वावरातलं घेऊन जा, मास्तर!"

"दोन एकर हाय सिस्टर, इसरले ते," काकू घाईघाईनं म्हणाल्या.

"खोटं कायले बोलतं वं?" काका उठलेच. "ज्याचा कापूस गेला त्याची गोळी मी काहून खाऊ? चाल."

काकूंचा चेहराच उतरला. काका दारापर्यंत पोचले, तेवढ्यात फुलसिंगबुवांनी त्यांचं मनगट धरलं. आता ते हसत नव्हते.

"बस ना गा. पोटात गेल्यावर गोळी सातबारा इचारते काय?"

काका दारातून परतले. मग बुवांच्या जागी रांगेत बसले. डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "साहेब, रंग दिसतात. हातच उठत नाही." डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुढं यवतमाळला यायला सांगितलं. सिस्टरनं शेतीचा रकाना कोरा ठेवून सही घेतली.

स्टँडवर काकांनी पहिली गोळी घेतली. काकू त्यांच्याकडं टक लावून बघत होत्या.

"बरं वाटते?"

"आत्ताच तं गिळली वं."

वणीची बस लागली. काका बाकाला मान टेकवून बसले होते.

"दुसरीनं जाऊ. आत्ता उठणं होत नाही," ते म्हणाले.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. बस भरून निघून गेली.