नाव लिहायचं टेबल

स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, लसीकरणातला एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? ढीग पडलाय! कोरोनात आमच्या शाळेत केंद्र होतं. नावं लिहायची ड्यूटी माझी, शेजारी सुई घेऊन कदम सिस्टर. हसवायला म्हणून सुरू करते, आणि माझाच चहा गार होतो.

*

पहिल्या आठवड्यात शुकशुकाट. एक काका दारातून डोकावले.

"आधी तुम्ही घ्या!"

"आम्ही घेतलीय, काका," सिस्टर म्हणाल्या.

काकांनी त्यांना खालीवर बघितलं. "म्हणूनच एवढ्या वाळल्यात व्हय!"

आणि गेले. सिस्टर वाळल्या होत्या, कारण कोरोनाच्या ड्यूटीपायी दोन महिने बाई धड जेवल्या नव्हत्या.

*

उस्मानपुऱ्यातले एक निवृत्त प्राध्यापक. विषय विज्ञान! मोबाईलवरचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, लसीतून अंगात चिप सोडतात म्हणून.

सिस्टर म्हणाल्या, "सर, थर्मामीटरचा सेल संपून चार दिवस झाले, तो मिळेना. चिप कुठून आणू?"

*

मग घरोघर जायचं ठरलं. शहागंजच्या मागं एका गल्लीत दार वाजवलं. आतून आवाज, "घरात कुणी नाय!"

"मग बोलतंय कोण?"

आतून कडी घातली. मग, "भाडेकरू!"

पुढं लाट आली, रांग गेटबाहेर गेली आणि लस संपली. एकानं टेबलावर हात आपटला. आवाजावरून ओळखला. भाडेकरूच!

"तुम्ही लोक घरी येऊन लस देत नाय, म्हणून मरतात माणसं!"

*

औरंगपुऱ्यातलं एक घर. दारात मुलगा, चाळिशीचा, बोलायला लई गोड. आत पलंगावर वडील.

"म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास? बाबा बाहेर पडतच नायत."

आतून वडील म्हणाले, "अरे, घेतो की मी!"

त्यानं हसत हसत दार लोटून घेतलं.

दीडेक महिन्यानं तो केंद्रावर आला. वडिलांचं आधार कार्ड माझ्यापुढं ठेवलं. "मॅडम, बाबांचं नाव तेवढं लिहा."

"त्यांना घेऊन या ना."

"ते गेले." त्यानं कार्ड आणखी पुढं सरकवलं. "आई तेव्हा बहिणीकडं होती. मी तिला सांगितलंय, बाबांना लस दिली होती म्हणून. आता ती कागद दाखव म्हणतीय."

मी पेन खाली ठेवलं. कदम सिस्टरनं विचारलं, "आणि तुमची लस?"

"माझी? माझे तर दोन्ही डोस झालेत, सिस्टर."