ध्रुव हलतो का?

निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि मी कपाळाला हात लावला. खालचा निम्मा भाग ठार काळा होता.

"काळं म्हणजे चांगलं का वाईट?" सुषमा मॅडमनी विचारलं. त्या सकाळच्या एसटीनं न्हावऱ्याहून दौंडला, माझ्या स्टुडिओत, खास ही फिल्म बघायला आल्या होत्या.

"निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, मॅडम. काळं दिसतंय तिथं उजेड फार लागला. फोटोत ते पांढरंफटक येणार."

"म्हणजे तारे गेले?"

"वरचे थोडे आहेत. ध्रुव गेला."

नेमका ध्रुवच हवा होता.

मॅडम न्हावऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांचे सासरे आप्पा शाळा समितीचे अध्यक्ष. मॅडमना शाळेतल्या मुलींसाठी एक रात्र आकाशदर्शन ठेवायचं होतं. आप्पा नको म्हणत होते. "तारं हायत तिथंच हायत. पोरींनी थंडीत हुबं ऱ्हाऊन बघायचं काय?"

"ते तिथंच नसतात, आप्पा. पृथ्वी फिरते म्हणून सगळे फिरताना दिसतात. ध्रुवसुद्धा, थोडासा."

इथं आप्पांचं जेवण थांबलं म्हणे. "ध्रुव? ध्रुव हालत असता तर लगनात नवऱ्या-नवरीला दावला असता व्हय? फोटू दाव मला. ध्रुव हाललेला दिसला, की खुशाल घे तुझा कार्यक्रम."

त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. म्हणून मॅडम माझ्याकडे आल्या. मी साखरपुडे, बारशी आणि पासपोर्ट साइजवाला माणूस. आकाशाचा फोटो मी कधीच काढला नव्हता. पण एका मासिकात असा फोटो पाहिला होता. ताऱ्यांच्या गोल गोल रेघा, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. तेव्हापासून मनात होतंच. मी लगेच हो म्हणालो.

कृती ऐकायला सोपी आहे. नेहमीच्या फोटोला शटर क्षणभर उघडतं आणि मिटतं. इथं ते तास-दीड तास उघडं ठेवायचं. कॅमेरा स्टँडवर पक्का. तेवढ्या वेळात तारे सरकतात आणि फिल्मवर आपापली रेघ ओढत जातात. नवा बॅटरीवाला कॅमेरा यात चालत नाही, शटर उघडं ठेवता ठेवता बॅटरीच संपते. माझा जुना मेकॅनिकल कॅमेरा मात्र बटण दाबून अडकवलं की नुसता उघडा राहायचा. आपल्याकडे ध्रुव फार वर नसतो. हात लांब करून उत्तरेला क्षितिजावर वीत ठेवली, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच उंचीवर तो सापडतो. आप्पांच्या घरामागच्या लिंबाच्या अगदी डोक्यावर.

चंद्र नको म्हणून अमावास्या धरली. त्यावर आप्पांचं आधी म्हणणं, "अवसंला असली कामं करत्यात का?" पण आले. खुर्ची टाकून बसले. लाइट गेलेली होती, सगळी वस्ती अंधारात. मी शटर उघडलं. अर्ध्या तासात लाइट आली. लोकांनी बटणं चालूच ठेवलेली. गोठे, अंगणं, विहिरीवरची मोटारघरं, सगळीकडचे बल्ब एकदम पेटले. कुठंतरी टीव्हीसुद्धा सुरू झाला. तीच ही काळी निगेटिव्ह.

त्याच संध्याकाळी मोटारसायकलवर कॅमेरा बांधून मी परत न्हावऱ्याला गेलो. या वेळी कॅमेरा रानात आत नेला. बल्बचा त्रास नाही, ट्रॅक्टर नाही, काही नाही. सगळं छान. सकाळी फिल्म धुतली तर सुरुवातीला बारीक, तेज रेघा आणि पुढं नुसता धूर. दव! शेजारी उसाला पाणी दिलेलं. गार काचेवर दव धरलं आणि लेन्सला जणू मोतीबिंदू झाला. अंधारात मला ते दिसलंही नाही.

मग अमावास्या टळली, चंद्र मोठा होत गेला. महिनाभर थांबणं आलं.

त्या महिन्यात एक गंमत झाली. आप्पांचा निरोप आला, येऊन जा. मला वाटलं, आता बास म्हणणार. तर म्हणाले, "रफिकभाई, काय न्हाई ते चाललंय. माझ्या ध्रुवाचा फोटू दोनदा नासला. लोक काय म्हनतील? ह्या खेपंला बल्बाचं मी बघतो. तुम्ही त्या पान्याचं बघा."

आपलंच खरं ठरणार, याची त्यांना इतकी खात्री होती.

पुढच्या अमावास्येला कॅमेरा पुन्हा घरामागं, लिंबासमोरच लावायचा ठरला. दवावर इलाज एकच. लेन्स भोवतालच्या हवेपेक्षा जराशी उबदार ठेवायची. पण कशानं? हे बोलणं आप्पांच्या मंडळींनी, आक्कांनी, चुलीपाशी ऐकलं. त्यांनी कढईत वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली.

"ह्येनं शेक द्या तुमच्या भिंगाला."

"अगं, ती माझ्या गुडघ्याची हाय!" आप्पा म्हणाले.

"गुडघा पळून चाललाय का? आज ताऱ्याला लागतीया."

पोटली लेन्सच्या खाली रुमालानं बांधली, काचेसमोर येणार नाही अशी. आप्पा सगळी वस्ती फिरून आले. बटणं बंद आहेत का, हे त्यांनी म्हणे प्रत्येक घरात हात लावून पाहिलं. मी शटर उघडलं. वारा पडलेला. आकाश असं काही भरलं होतं, की आक्काही खुर्ची घेऊन येऊन बसल्या. मॅडम त्यांना सप्तर्षी दाखवत होत्या.

तासभर गेला असेल, तोच पाणंदीनं उसाचा ट्रॅक्टर आला. हेडलाइट थेट आमच्याकडं वळायला लागले. मी टोपणानं लेन्स झाकली. आप्पा गुडघा विसरून धावले.

"लाइट बंद कर! ध्रुवाचा फोटू चाललाय!"

"कुनाचा?"

"ध्रुवाचा!"

"कुनाचं पोरगं, आप्पा? बारसं हाय का?"

मॅडम तोंडावर पदर धरून हसत होत्या. शेवटी ड्रायव्हरनं दिवे मालवले, इंजिन बंद केलं आणि तोही आमच्यात येऊन बसला. आक्कांनी त्याला चहा दिला. मी टोपण काढलं आणि पुढचा वेळ आम्ही पाचजण वर बघत, दबक्या आवाजात बोलत बसलो. मोठ्यानं बोलून फोटो हलत नाही, हे मी सांगितलं होतं. तरी कुणीच मोठ्यानं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा आणि मॅडम दौंडला आले. आप्पांना डार्करूममध्येच यायचं होतं. "तुम्ही मागनं काय कराल, काय भरवसा?" आले आत. लाल दिवा. एन्लार्जरखाली निगेटिव्हमधून कागदावर उजेड टाकला आणि अजून कोराच दिसणारा तो कागद मी डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी लिंबाचा शेंडा उमटला. मग त्याच्यामागचं आकाश काळं होत गेलं आणि त्यावर पांढऱ्या रेघा उजळ व्हायला लागल्या. एकीत एक गोल, कागदाच्या कडेपर्यंत.

"आगं बया," आप्पा हळूच म्हणाले. मग बोट पुढं. "सगळ्या रेघा एका जाग्याला तुटल्यात त्या?"

"तो ट्रॅक्टर, आप्पा. तेवढा वेळ मी झाकलं होतं."

"आन् ध्रुव?"

फोटो धुऊन उजेडात आणला. भिंग त्यांच्या हातात दिलं. गोलांच्या मध्याजवळ, पण बरोबर मध्यावर नाही, एक जाडसर, तांदळाच्या कणीएवढी रेघ होती. ठिपका नव्हे, रेघच. आणि तीही किंचित वाकडी.

आप्पा बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ह्यो बी हालला."

"थोडासा, आप्पा," मॅडम म्हणाल्या.

"समद्यात कमी हालला." आप्पांनी भिंग खाली ठेवलं आणि मोठ्यानं हसले. "म्हंजी माझं बी लई चुकलं न्हाई! घे तुझा कार्यक्रम. पन शाळेत नगं, तिथं रस्त्याचा दिवा हाय. माझ्या रानात घे."

पुढच्या अमावास्येच्या आसपास मुली आल्या. सोबत त्यांच्या आया आणि आज्याही आल्या. मला फोटो काढायला बोलावलं होतं, पण अंधारात कुणाचे काढणार? मी नुसता फिरत होतो. एका कोपऱ्यात आठ-दहा मुलींच्या घोळक्यात आप्पा हात वर करून उभे होते. "त्यो बघा ध्रुव. लोक म्हनत्यात हालत न्हाई. खोटं हाय. हालतो. म्या सोता बघितलाय."

धंद्यातला धडा म्हणाल तर इतकाच. तारे आपलं काम चोख करतात, त्यांची कधी तक्रार नसते. अडचण असते ती सगळी जमिनीवर. तेव्हा रात्रीच्या फोटोला जाताना फिल्म एखादी कमी न्या, पण वस्तीत आधी एक चक्कर मारा, आणि चहाला नाही म्हणू नका.