हजेरीविरुद्धचा अर्ज

माणसानं कुणाचा हेवा करावा? शेजाऱ्याच्या दुमजली घराचा करावा, भावकीतल्या एखाद्याच्या नोकरीचा करावा. मी पन्नाशी ओलांडल्यावर हेवा केला तो एका बाईच्या हातातल्या स्टीलच्या चमच्याचा. चमचाही वरणभाताचा. आणि वरण असं पातळ की त्यात पंख्याची पाती फिरताना दिसावीत.

झालं असं की माझे वडील, आमचे गुरुजी, न्हाणीत पडले. खुबा मोडला. त्याआधीच त्यांचं ध्यान थोडं इकडंतिकडं होत होतं, पडल्यावर ते पुरतंच जुन्या शाळेत जाऊन बसलं. त्यांना उचलायला दोन माणसं लागत. घरात मी आणि माझी बायको. ती सकाळी अंगणवाडीवर जाते आणि माझी कंबर एका बादलीला दुखते. घरी ठेवलेल्या तीन बाया दोन महिन्यांत सोडून गेल्या. मग हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडे जाताना रस्त्याला लागून एक वृद्धांचं शुश्रूषागृह आहे, तिथं त्यांना ठेवलं. नातेवाइकांनी तोंडं फिरवली. "मास्तरला टाकून देलं म्हणं," असं एकानं चहाच्या टपरीवर माझ्याच पैशाचा चहा पिताना सांगितलं.

फाटकावर पाटी होती : चोवीस तास प्रशिक्षित सेवक. पाटी रंगवली तेव्हा सेवक असतीलही. मी गेलो तेव्हा पुरुषांच्या दालनात अठरा खाटा होत्या आणि दिवसपाळीला बाई एक. कागदावर तिघी होत्या. त्यातली एक पुण्याला गेली होती, दुसरी सोयाबीन काढणीला. उरलेली ही, औंढ्याकडच्या एका तांड्यावरची, चाळिशीची, पदर कमरेला खोचलेली. तिला सगळे ताई म्हणत. मीही म्हणायचो, पण दात आवळून.

पहिल्याच रविवारी मी बायकोनं केलेली धपाटी आणि दही घेऊन गेलो. गुरुजींनी माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

"पालक का तुमी?"

मी म्हटलं, "मी तुमचा मुलगा, बाबा."

"ते बराबर हाय. पण तुमच्या पोराचं काई खरं न्हाई. ध्यानच न्हाई त्याचं अभ्यासात."

म्हणजे मी एकाच वेळी पालकही ठरलो आणि ते ढ पोरगंही. धपाट्याचा तुकडा तोंडाशी नेला तर त्यांनी ओठ असे मिटले की पाकिटाला डिंक लावावा. तेवढ्यात ताई आली, माझ्या हाताखालून चमचा सारला, म्हणाली, "गुरुजी, मधली सुट्टी झाली बरं का." आणि आमच्या गुरुजींनी आ केला. ते पाणचट वरण, तो गिचका भात, सोळा घास. मी मोजले. धपाटी मी परत घेऊन निघालो आणि बसमध्ये एकट्यानं खाल्ली. इतकी चांगली झाली होती की अजून राग आला.

बाबा तिला 'मॉनिटर' म्हणत. ही गोष्ट मला सगळ्यात झोंबली. चौथीत मी त्यांच्याच वर्गात होतो. साऱ्या वर्गात माझं अक्षर चांगलं, माझे पाढे पाठ. पण 'मास्तरनं आपल्या पोराला पुढं केलं' असं गावानं म्हणू नये म्हणून मॉनिटर केला एका तेल्याच्या पोराला, जो फळा पुसताना स्वतःच पांढरा व्हायचा. चाळीस वर्षं मी ते गिळलं. आणि आता हे पद सरळ एका बाईला, न मागता!

मॉनिटर झाल्यामुळं तिच्याकडं एक काम होतं. दुपारी बाराच्या सुमारास ती गुरुजींना दोन उशा लावून बसवायची, औषधांची जुनी कोरी वही हातात द्यायची आणि म्हणायची, "घ्या हजेरी." मग गुरुजी वाचायचे, "एक नंबर!" पलीकडच्या खाटेवरून आवाज यायचा, "हजर, गुरुजी." "दोन नंबर!" असं सतरापर्यंत, अठरावे ते स्वतः. सात नंबरच्या खाटेवर एक रिटायर एसटी ड्रायव्हर होता, लकव्यानं उजवा हात गेलेला. तो रोज म्हणायचा, "हजर! पर गाडी डेपोत हाय." सगळे हसायचे. गुरुजी त्याला रोज ताकीद द्यायचे. ह्या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं जायची. ताटं थंड व्हायची. मी दाराशी उभा राहून हे बघायचो आणि मला वाटायचं, ही बाई माझ्या बापाला खेळवून राहिली. खरं वाटायचं ते वेगळंच : ती त्यांना खेळवते आणि ते खेळतात, माझ्याशी मात्र ते पालकसभेत बसल्यासारखं बोलतात.

आता माझ्याबद्दल एक सांगायला पाहिजे. मी अर्ज लिहिण्यात तरबेज आहे. कचेरीत बावीस वर्षं तेच केलं. माझ्या अर्जांना यश हमखास येतं, फक्त ते कोणत्या बाजूनं येईल हे सांगता येत नाही. घरासमोरच्या बसथांब्यावर छप्पर नाही म्हणून मी अर्ज केला, तर थांबाच एक किलोमीटर पुढं हलवला. तिथं छप्पर होतं. गल्लीतले लोक अजून चालत जाताना माझ्या दाराकडं बघून काहीतरी पुटपुटतात.

तर मी अर्ज लिहिला. 'महोदय, दुपारचे भोजन देण्यात अक्षम्य विलंब होत असून, वयोवृद्ध व सन्माननीय व्यक्तींना बालकांप्रमाणे हजेरी देण्यास भाग पाडण्यात येते, ही बाब त्यांच्या प्रतिष्ठेस बाधा आणणारी आहे.' खाली सही. 'एक हितचिंतक' असं लिहिणार होतो, पण अक्षर इतकं सुरेख आलं होतं की नाव न घालणं जिवावर आलं. फक्त एवढं म्हटलं की माझं नाव बाहेर जाऊ नये.

व्यवस्थापक साहेबांना अर्ज फार आवडला. त्यांना दोन वेळा वाचून दाखवायला लागला नाही, त्यांनी स्वतःच दोनदा वाचला. "असं कुणी लेखी देत न्हाई हो," म्हणाले. सोमवारपासून नवा नियम लागला : बाराला ताटं, साडेबाराला ताटं परत. वही त्यांनी कपाटात टाकून कुलूप लावलं. मी समाधानानं घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं कणीक मळता मळता विचारलं, "अवं, पण त्या एकल्या बाईनं अर्ध्या तासात अठरा तोंडं भरवायची कशी?"

"ते तिचं काम आहे," मी म्हणालो.

"आन् तुमचं काम काय, अर्ज?"

गुरुवारी साहेबांचा फोन आला. "गुरुजी जेवून नाही राहिले. सोमवारपासून. पाणी घेतात, चहा घेतात, घास घेत नाहीत. डॉक्टर म्हणतात, उद्या दुपारपर्यंत पाहू, नाहीतर नाकातून नळी."

मी तसाच निघालो. बाबा पडून होते. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराजवळ गेलं होतं. चौकोनी ताटात वरणभात तसाच, वर साय धरलेला. मी चमचा उचलला. ओठ बंद. "बाबा, मधली सुट्टी झाली," मी ताईच्या चालीत म्हणालो. त्यांनी माझ्याकडं फार सभ्यपणे पाहिलं आणि मान भिंतीकडं वळवली. खोटं बोलणाऱ्या पोराकडं ते शाळेत असंच बघायचे. ह्या माणसाला हात बांधून नळी घालतील आणि ते मी घडवलं, सुवाच्य अक्षरात.

ताई मागच्या अंगणात चादरी पिळत होती. एकटीच. मी दुसरं टोक धरलं.

"ताई, काहून खाऊन नाही राहिले ते?"

"भाऊ, मला काय इचारता? तुमचा बाप, तुमाला ठावं." तिनं चादर अशी पिळली की माझ्या हातातून सुटली. "हजेरी घेतल्याबिगर गुरुजींनी कधी डबा उघडला व्हता का?"

आणि मला आठवलं. कधीच नाही. शाळेत उशीर झाला, पाऊस लागला, अगदी तपासणीला साहेब आले तरी आधी हजेरी, मग बाकी सगळं. त्यांच्याच वर्गात बसलेल्या माझ्या डोक्यात ते आलं नाही, आणि चार महिन्यांपूर्वी त्यांना पहिल्यांदा पाहिलेल्या बाईला ते कळलं.

"पहिले दोन-तीन दिस माह्या हातानंबी खात नव्हते," ती म्हणाली. "सारखं वही कुठं, वही कुठं. मंग देली एक वही. त्यात माहंबी काम झालं."

"तुमचं काय काम?"

तिनं चादर दोरीवर टाकली. "अठरा जण, मी एकली. एकेकाच्या खाटंपाशी जाऊन कसं हाय, काय दुखते, इचारत बसले तर शेवटच्यापर्यंत दिवस मावळते. हजेरीत निस्ता आवाज ऐकायचा. ज्याचा आवाज बारीक, त्याच्या अंगाला आधी हात लावायचा. जो आपला नंबर इसरला, त्याला ताप न्हाई तर साखर कमी. जो लाजून हळू बोलते, त्याचं अंथरूण ओलं. आवाज ऐकून ठरवायचं पहिलं कोणाकडं पळायचं." तिनं दोरीवरची चादर ताणली. "मंगळवारी अकरा नंबरला ताप व्हता. संध्याकाळी कळला. ताटं देऊन-उचलून राहिले व्हते ना मी, साडेबारा वाजायच्या आत."

मी दुसऱ्या चादरीचं टोक धरलं.

"कोण्या तरी शहाण्यानं अर्ज देला म्हणं," ती म्हणाली. "साहेब सांगत व्हते, अक्षर लई देखणं."

आता इथं माणसानं गप्प बसावं. पण मी म्हणालो, "खरंच म्हणाले का, देखणं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. चादरीतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं शिवी देईल. तिच्या जागी मी दिली असती.

"तुमी व्हय," ती म्हणाली. "काहून?"

म्हटलं, "ते तुमच्या हातानं खातात."

"आन् म्हणून त्यांचं खाणंच बंद पाडलं!" ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "माहा बाप तांड्यावर बसेल हाय भाऊ. त्याला कोण भरवते ते मी पाहून राहिले का? चला आता. वही आणा."

मी साहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, "परवा म्हणता उशीर होतो, आज म्हणता उशीर करा. लेखी द्या." लेखी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा चार ओळींचा अर्ज लिहिला, आणि त्यातली एक ओळ ताईच्या जोडीला आणखी एक बाई मागणारी होती. ती ओळ वाचून साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जाहिरात देऊन थकलो हो. कुणी येत नाही. आलं तर टिकत नाही." मग मलाच वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "उद्या हजेरी चालू करा. पण ताटं मला बाराला गेलेली पाहिजेत. ती हजेरीत असंल तवर ताटं कोण देणार?"

शुक्रवारी मी कचेरीत रजा टाकली आणि बारा वाजता ताटं वाटायला उभा राहिलो. डॉक्टर बाहेर साहेबांच्या खोलीत बसले होते, त्यांची पिशवी टेबलावर. ताईनं उशा लावल्या. वही हातात दिली. बाबांनी ती उघडली, बराच वेळ कोऱ्या पानाकडं पाहिलं. सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं कशाची वाट बघणं चाललंय ते.

"एक नंबर," आवाज निघाला, कागद सरकावा तेवढाच.

"हजर, गुरुजी!" एक नंबर जिवाच्या आकांतानं ओरडला. दोन नंबरही. अकरा नंबर नुकताच तापातून उठला होता, तोही ओरडला. सात नंबर म्हणाला, "हजर! गाडी डेपोतून निघाली!" आणि बाबांनी त्याला ताकीद दिली. ताकीद देताना आवाज थोडा वर आला. चौदा नंबरचा आवाज बारीक लागला तशी ताई हजेरी न थांबवता त्या खाटेकडं गेली, कपाळाला हात लावून आली. सतरा झाले. बाबांनी वही मिटली.

"मधली सुट्टी," ते स्वतःच म्हणाले.

चमचा माझ्याच हातात होता. मी ताट घेऊन पुढं सरकलोही. बाबांनी माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. "मॉनिटर?"

मी चमचा तिला दिला. ती बसली. पहिला घास गेला, मग दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, तिनं पाठीवर हात फिरवला, चौथा गेला. डॉक्टर दाराशी येऊन पाहून गेले. पिशवी उचलल्याचा आवाज आला. मला हायसं वाटलं, आणि त्याच दमात इतकं जळलं की विचारू नका. मी सात नंबरला भरवत होतो, पण मान वळून तिकडंच.

"ओ भाऊ," ड्रायव्हर म्हणाला, "समोर पाहून चालवा. नाकात घास घालून राहिले."

खिशात फोन वाजला. बायको.

"खाल्लं का?"

"खाल्लं," मी म्हणालो. "आठ घास झाले. चालूच आहे."

"देवा." मग म्हणाली, "कोणाच्या हातानं?"

"माझ्या," मी म्हणालो.

"खोटं हाय, वैनी!" सात नंबर भरल्या तोंडानं फोनच्या दिशेनं ओरडला. "खोटं बोलून राहिला गडी!"